छातीतली शाळा

सारसोळे गाव आता नेरुळच्या सेक्टरांमध्ये इतकं मिसळून गेलं आहे की बाहेरून येणाऱ्याला ते निराळं ओळखू येत नाही. एका अंगाला सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगाला पामबीच रस्ता, रस्त्यापलीकडे खारफुटी आणि खाडीवरची जेट्टी. भरती-ओहोटी बघून होड्या अजूनही इथून निघतात. संध्याकाळी जेट्टीवर माझी एका नाखवांशी गाठ पडते. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे. मी कविता करतो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते मला ‘शायर’ म्हणतात.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एकदा ते गप्प गप्प होते. त्यांच्या नातीला रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांनी तो आटोक्यात आला होता, पण पुन्हा उलटू नये म्हणून अस्थिमज्जा बदलावी लागणार होती. मज्जा धाकट्या भावाची जुळली होती. नाखवा म्हणाले, “शायर, तुम्ही वाचता-लिहिता, म्हणून विचारतो. भावाचं रगत पोरीच्या अंगात जाणार. ते तिला आपली मानंल का? आन् तिचं अंग त्याला आपलं मानंल का?”

मी बी. ए. झालेला माणूस. शास्त्राशी माझा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. पण प्रश्न असा होता की टाळता येईना. पुढचे काही महिने मी वाचत राहिलो, जाणकारांना विचारत राहिलो. जे कळलं त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. आपलं काय आणि परकं काय हे शरीराला कसं कळतं, याचा हा इतिहास आहे. आणि त्यातली एक शाळा आपल्या प्रत्येकाच्या छातीत, काळजाच्या जरा वर, उरोस्थीच्या मागे भरत असते.

त्या शाळेचं नाव थायमस ग्रंथी. मराठी परिभाषेत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असा शब्द आहे. ज्यानं कुणी तो घडवला त्याला माझा सलाम, कारण त्या शब्दात ग्रंथीचं सारं चरित्र आलं आहे. जन्माच्या वेळी शरीराच्या मानानं ती चांगली मोठी असते, बालपणभर जोमात काम करते, आणि तारुण्य आलं की आक्रसू लागते. उतारवयात तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. मोठेपणी जी लोपते तिचं काम तरी काय असणार, असं वैद्यकाला शतकानुशतकं वाटत आलं.

या अज्ञानाची किंमत लहान मुलांनी मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. धडधाकट तान्ही बाळं कधीकधी झोपेत दगावत. शवविच्छेदनात त्यांची थायमस ‘फार मोठी’ दिसे. तीच वाढून श्वास कोंडत असणार, असा निष्कर्ष निघाला. मग १९०७ सालापासून अमेरिकेत बाळांच्या गळ्यावर आणि छातीवर क्ष-किरण सोडून ती ग्रंथी लहान करायचा उपाय सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं हजारो मुलांवर तो झाला. १९५०च्या सुमारास लक्षात येऊ लागलं की यातल्या काही मुलांना पुढे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग होतो आहे.

चूक कुठे झाली होती? त्या बाळांची थायमस मोठी नव्हतीच, ती नेहमीसारखीच होती. पण नेहमीची थायमस कशी असते हे डॉक्टर शिकले होते ते विच्छेदनाच्या टेबलावरच्या बेवारस, गरीब माणसांच्या देहांवरून. उपासमारीनं आणि दीर्घ आजारानं थायमस झपाट्यानं आक्रसते. गरिबाच्या देहातली ती सुकलेली ग्रंथी हेच माप धरलं गेलं, आणि त्या मापानं निरोगी बाळ रोगी ठरलं. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

खरा उलगडा झाला १९६१ साली. जाक मिलर हे तेव्हा लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत काम करणारे तरुण संशोधक. जन्म फ्रान्समधला, वाढले ऑस्ट्रेलियात. त्यांची एक बहीण लहान वयात क्षयानं गेली होती. मिलर उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करत होते आणि त्यासाठी नुकत्याच जन्मलेल्या उंदराची थायमस काढून टाकत होते. याआधीही अनेकांनी थायमस काढून पाहिली होती, पण ती मोठ्या प्राण्यांची. त्यांना काहीच होत नसे. मिलरची पिल्लं मात्र काही आठवड्यांतच खंगू लागली. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फारच थोड्या होत्या. साध्या संसर्गानं ती मरू लागली. आणि सगळ्यांत नवल म्हणजे त्यांच्या पाठीवर दुसऱ्या वाणाच्या उंदराची, अगदी घुशीच्या जातकुळीतल्या प्राण्याची कातडी लावली तरी ती गळून न पडता रुजली. परकं ओळखण्याची शक्तीच त्यांच्यात नव्हती.

मोठ्या प्राण्याची थायमस काढून काही का होत नव्हतं, तेही आता कळलं. शाळा पाडली तरी आधी शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी गावात होतेच. तान्हेपणी शाळा गेली, तर मात्र शिकलेलं कुणी उरतच नाही. मिलर यांचं म्हणणं लगेच सर्वांना पटलं असं नाही. पीटर मेडावर यांच्यासारख्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानंही थायमसमधल्या या पेशींना फारसं महत्त्व द्यायची तयारी सुरुवातीला दाखवली नव्हती. पुढच्या काही वर्षांत मात्र शंका फिटल्या. थायमसमध्ये घडणाऱ्या या पेशींना त्या ग्रंथीच्या आद्याक्षरावरून ‘टी पेशी’ हे नाव पडलं. या कामासाठी मिलर यांना मॅक्स कूपर यांच्यासोबत लास्कर पुरस्कार मिळाला तो २०१९ साली, प्रयोगानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

मेडावर यांचं नाव आलंच आहे तर त्यांचं ऋणही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर उपचार करताना त्यांना दिसलं होतं की दुसऱ्याची कातडी शरीर नाकारतं, आणि त्याच माणसाची दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर नाकारतं. मग १९५३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचून दाखवलं की ते पिल्लू मोठं झाल्यावर त्या वाणाची कातडी स्वीकारतं. म्हणजे आपलं कोण हे सगळंच जन्मताना कपाळावर लिहिलेलं नसतं. कोवळ्या वयात जे अंगाशी वाढलं, ते आपलं ठरतं.

पण ओळखायचं कशावरून? प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खुणा असतात. माणसातली अशी पहिली खूण पॅरिसच्या जाँ दोसे यांनी १९५८ साली शोधली. या खुणांना आता एचएलए म्हणतात. आपण नेहमी बोलतो त्या रक्तगटांपेक्षा या निराळ्या. रक्तगटांच्या शास्त्रात आपल्या मुंबईचंही नाव आहे. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जगापुढे मांडलेला दुर्मीळ रक्तगट ‘बॉम्बे’ या नावानंच ओळखला जातो. पण रक्तगट मोजके, तर एचएलए खुणांचे प्रकार हजारोंनी. प्रत्येकाला त्यांचा एक संच आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. नाखवांच्या नातवाचं जुळलं, ते या हिशेबानं. भावाबहिणीचा रक्तगट वेगळा असला तरी चालतं. मज्जा रुजली की मुलीचा रक्तगट हळूहळू भावाचा होतो. हे मी नाखवांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आता या गोष्टीतला मोठा टप्पा. १९७३-७४ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल एकाच प्रयोगशाळेत काम करत होते. पहिले ऑस्ट्रेलियन पशुवैद्य, दुसरे स्वित्झर्लंडचे डॉक्टर. विषाणूची लागण झालेल्या उंदरातल्या टी पेशी त्यांनी घेतल्या. त्याच वाणाच्या उंदराच्या लागण झालेल्या पेशींशी त्यांची गाठ घातली, तर टी पेशींनी त्या मारल्या. दुसऱ्या वाणाच्या, पण त्याच विषाणूची लागण झालेल्या पेशी पुढे ठेवल्या, तर टी पेशींनी ढुंकूनही पाहिलं नाही. विषाणू तोच, शत्रू तोच, मग असं का?

उत्तर असं होतं की टी पेशी नुसता विषाणू पाहू शकत नाही. पेशीच्या आत जे काही चाललं आहे त्याचा एक तुकडा ती पेशी आपल्या एचएलए खुणेच्या तळहातावर धरून बाहेर दाखवते. टी पेशी तो तळहात आणि त्यावरचा तुकडा दोन्ही मिळून वाचते. तळहात ओळखीचा नसेल तर त्यावरचं अक्षर लागत नाही. परकं ओळखायचं तर आधी आपल्याची खूण वाचता यायला हवी. या शोधासाठी दोघांना १९९६ साली नोबेल मिळालं.

मग प्रश्न आला की ही लिपी टी पेशी शिकतात कुठे? कुळातून घेऊन येतात की शाळेत शिकतात? १९७७-७८ साली अमेरिकेत मायकेल बेवन यांनी आणि झिंकरनागेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा निवाडा केला. आई एका वाणाची आणि बाप दुसऱ्या वाणाचा अशा संकरित उंदराची मज्जा त्यांनी घेतली. तिच्यात दोन्ही वाणांच्या खुणा होत्या. ती मज्जा किरणांनी स्वतःची मज्जा नष्ट केलेल्या, एकाच वाणाच्या उंदरात सोडली. तिथे घडलेल्या टी पेशी मुख्यतः यजमान उंदराचीच खूण वाचू लागल्या. थायमस बदलून पाहिली तेव्हाही ज्या वाणाची थायमस, त्या वाणाची लिपी. म्हणजे बीज कुठलंही असो, खूण वाचायची ती जिथे शिकलो तिथली.

हे वाचून मला माझंच हसू आलं. आमच्या घरात दखनी बोलली जाई आणि शाळेत मराठी. लोक मला अजून विचारतात, तुम्ही मराठीत कसे काय लिहिता? याचं उत्तर इतकी वर्षं मी लांबण लावून देत आलो. खरं तर जिथे अक्षर गिरवलं तिथली लिपी वाचता येते, यात नवल काय? अर्थात पेशींच्या शास्त्रावरून माणसांच्या समाजाचे नियम काढू नयेत, एवढं मला कळतं. शरीराला धर्म, जात, भाषा काही ठाऊक नसतं.

थायमसमध्ये परीक्षा दोन असतात. मज्जेतून आलेली कोवळी पेशी आपल्या अंगावर एक ग्राहक, म्हणजे वाचायचं यंत्र, तयार करते. ते अंदाधुंद तयार होतं, त्यामुळे प्रत्येकीचं वेगळं. पहिल्या परीक्षेत तिला शरीराची खूण दाखवतात. जिला ती मुळीच वाचता येत नाही, ती जगण्याचा निरोप न मिळाल्यानं मरून जाते. बहुसंख्य पेशी इथेच संपतात. दुसऱ्या परीक्षेत उलटा प्रश्न असतो. खूण आणि तिच्यावरचे शरीराचे स्वतःचे तुकडे जी अती घट्ट पकडते, तिलाही मारलं जातं, कारण उद्या ती स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडेल. जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक या अमेरिकन जोडप्यानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ही दुसरी चाळणी उंदरांत प्रत्यक्ष दाखवली. दोन्ही परीक्षांतून पार पडतात त्या शंभरातल्या जेमतेम चार-पाच. खूण हलकेच वाचता येणाऱ्या आणि तिच्यावर झडप न घालणाऱ्या.

पण छातीतल्या शाळेत बसून पेशीला डोळा, यकृत, स्वादुपिंड कसं कळणार? त्याचंही उत्तर मिळालं. थायमसमधल्या काही शिक्षक पेशी ‘एअर’ नावाच्या एका जनुकाच्या मदतीनं दूरदूरच्या अवयवांची प्रथिनं थोडी थोडी स्वतःच तयार करून दाखवतात. त्यात इन्सुलिनदेखील असतं. २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत हे सिद्ध झालं. हे जनुक जन्मतः बिघडलेल्या माणसांचं शरीर स्वतःच्या अनेक ग्रंथींवर हल्ला करतं.

तरीही काही आडदांड विद्यार्थी नजर चुकवून सुटतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवलं की टी पेशींमध्येच एक वर्ग इतरांना आवर घालणारा असतो. सुरुवातीला या म्हणण्यावर फार थोड्यांचा विश्वास होता. २०२५ सालचं वैद्यकाचं नोबेल साकागुची यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं ते याच कामासाठी.

आता पुन्हा आपल्याकडे वळतो. नेरुळहून पनवेलची गाडी पकडली की सीवूड्स, बेलापूर आणि मग खारघर. तिथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तिची मुळं परळची. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं, त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. तेच संशोधन २००२ साली खारघरला आलं. मज्जारोपणाचा विभागही २००७ साली परळहून तिथे हलला.

भारतातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण परळच्या टाटा रुग्णालयात झालं, २० मार्च १९८३ रोजी. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा तिच्या भावंडाची. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी अमेरिकेत सिएटलला डॉनल थॉमस यांच्या केंद्रात हे तंत्र शिकून आले होते. अडवाणींचा जन्म कराचीचा, फाळणीनंतर कुटुंब इकडे आलं. बालपणी झालेल्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवरून रुग्णांची फेरी घेत. त्या मुलीच्या छातीत काय घडलं असेल, ते या इतिहासावरून आता सांगता येतं.

आधी औषधांनी, कधी किरणांनीही, मुलीची स्वतःची मज्जा पुसून टाकतात. मग भावाची मज्जा रक्ताच्या बाटलीसारखीच शिरेतून चढवतात. तिच्याबरोबर भावाच्या शिकून तयार झालेल्या टी पेशीही येतात. एचएलए जुळलं तरी इतर बारीक फरक असतातच, आणि त्या भावाच्या छातीत शिकलेल्या असतात. बहिणीची कातडी, आतडी, यकृत त्यांना परकं वाटू शकतं आणि त्या हल्ला करतात. शेवटी नाखवांनी हेच तर विचारलं होतं, भावाचं रक्त पोरीला आपली मानेल का? ही भीती खरी असते. म्हणून पहिले शंभर दिवस डॉक्टर डोळ्यांत तेल घालून असतात. याच हल्ल्यात उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात, म्हणून तो सगळाच दाबून टाकूनही चालत नाही.

पण भावाच्या मज्जेतल्या बीजपेशींपासून ज्या नव्या टी पेशी घडतात, त्यांची गोष्ट निराळी. त्या बहिणीच्या छातीतल्या थायमसमध्ये जातात, तिथल्या दोन्ही परीक्षा देतात आणि तिच्या शरीराला आपलं मानायला शिकतात. लहान मुलात ही शाळा जोमात असते. वय जास्त असेल तर वर्ग भरायला वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाला ही वाट अवघड जाते, त्याचं एक कारण हेही आहे.

त्याच खारघरला ४ जून २०२१ रोजी आणखी एक पाऊल पडलं. रुग्णाच्याच टी पेशी काढून, आयआयटी मुंबईत घडवलेल्या तंत्रानं त्यांच्यावर नवा ग्राहक बसवला आणि त्या परत रुग्णाला दिल्या. भारतातला हा पहिला कार-टी उपचार. हा नवा ग्राहक कर्करोगाच्या पेशीवरची एक खूण थेट ओळखतो, त्याला एचएलएचा तळहात लागत नाही. थायमसनं कधी न शिकवलेला धडा माणसानं शिकवला, असं म्हणा. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशासाठी खुला झाला.

नाखवांना मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही. ओहोटीच्या वेळी, होडी चिखलात टेकलेली असताना, थोडं थोडं सांगत गेलो. शंभर दिवसांत नातीच्या अंगावर दोनदा पुरळ उठलं, दोनदा ते बसलं. त्या दिवसांत नाखवा फार बोलत नसत. मीही विचारत नसे.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी ते खिशातून दोन कार्डं काढून माझ्यासमोर धरून उभे राहिले. एक जुनं, कडा झिजलेलं. दुसरं कोरं करकरीत. तान्हेपणी टोचलेल्या लशींची आठवण मज्जेबरोबर पुसली जाते, म्हणून पोलिओ, धनुर्वात, घटसर्प या सगळ्या लशी नव्यानं घ्याव्या लागतात. काही लशींसाठी तर दोन-दोन वर्षं थांबावं लागतं.

“दहा वर्षांची पोर,” नाखवा म्हणाले, “आन् बाळाच्या लशी. हिची शाळा पुन्हा पयलीपासून.”

मी कार्ड उलगडून पाहिलं. पहिल्या दोन रकान्यांत तारखा पडल्या होत्या. बाकीचे रकाने अजून भरायचे होते.